राघू पाळला तर गुन्हा, मकाव पाळला तर नोंदणी: विदेशी पाळीव प्राण्यांचा कायदा नक्की काय आहे?

कडुनिंब
दुकानांत आणि इन्स्टाग्रामवर सध्या मकाव, सन कन्युअर, आफ्रिकन ग्रे, बॉल पायथन, इग्वाना, शुगर ग्लायडर, अगदी मार्मोसेट माकडंसुद्धा उघड विकायला असतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "विदेशी आहे, वन्यजीव कायदा लागत नाही." आणि इकडे गॅलरीतल्या पिंजऱ्यात साधा हिरवा राघू असला तर वनखात्याची माणसं येऊन घेऊन जातात.
तर प्रश्न असे: कुठल्या प्राण्याला कागद लागतो आणि कुठल्याला नाही, हे ओळखायचं कसं? आणि पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत "विठू विठू" करणारा पक्षी गुन्ह्यात आणि ब्राझीलचा पक्षी कायद्यात, हे कुठलं गणित? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

कायदेकानू
विक्रेत्याचं वाक्य ३१ मार्च २०२३ पर्यंत बरंचसं खरं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात मुख्यतः देशी प्राणी. परदेशी प्राण्यांवर नियंत्रण होतं ते सीमेवर, म्हणजे आयात आणि कस्टम्सपुरतं. एकदा प्राणी आत आला की मोकळं रान.
२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी नवी: साइट्स या करारातल्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्टांमधल्या प्रजातींची. कायद्यात ५-ब हे प्रकरण घातलं गेलं आणि त्यातल्या कलम ४९-एम नुसार चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याला नोंदणी सक्तीची झाली.
त्यामुळे "देशी की विदेशी" हा प्रश्न अपुरा आहे. शास्त्रीय नाव काय, हा खरा प्रश्न. देशी आणि अनुसूची १ किंवा २ मध्ये असेल तर पाळताच येत नाही. विदेशी आणि अनुसूची ४ मध्ये असेल तर नोंदणी. विदेशी आणि कुठेच नसेल (शुगर ग्लायडर, आफ्रिकन पिग्मी हेजहॉग) तर ही नोंदणी नाही, पण आयातीचे नियम आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेतच.

तिरकस
म्हणजे भूमिपुत्राला पिंजऱ्यात घालायचं नाही आणि परप्रांतीयाने येऊन नाव नोंदवायचं. महाराष्ट्रात एवढं स्पष्ट धोरण पहिल्यांदाच बघतोय.

चोचीवाला
तिरकस :))
पक्ष्यांचं नेमकं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच. साइट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये पोपटांचा अख्खा गणच आहे, त्यातून चार जाती वगळल्यात: बजरीगर, कॉकाटेल, पीच-फेस लव्हबर्ड आणि आपला हिरवा राघू. राघू तिथून वगळला असला तरी आपल्या कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे, त्यामुळे तो सुटत नाही. उरलेले तीन बिनकागदाचे.
मेख पुढे आहे. आपल्याकडे बजरीगरला सर्रास "लव्हबर्ड" म्हणतात. त्याला नोंदणी नाही. खऱ्या लव्हबर्डमध्ये पीच-फेसला नोंदणी नाही, पण फिशर लव्हबर्डला आहे! दोन्ही एकाच दुकानात, एकाच भावात, कधीकधी एकाच पिंजऱ्यात. फिशर ओळखायचा डोळ्यावरून. डोळ्याभोवती खडूने काढल्यासारखं ठसठशीत पांढरं कडं आणि चोच लालबुंद. पीच-फेसला कडं नाही आणि चोच फिकट, शिंगाच्या रंगाची.
बाकी कन्युअर सगळे नोंदणीवाले. मकावमध्ये निळा-पिवळा आणि ग्रीन-विंग परिशिष्ट दोनमध्ये, स्कार्लेट आणि हायसिंथ परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत.

पिंपळपान
आणि आफ्रिकन ग्रे? तो तर गल्लोगल्ली दिसतो.

चोचीवाला
परिशिष्ट एक. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ठरलं, २ जानेवारी २०१७ पासून लागू. म्हणजे वाघाच्या बरोबरीचा दर्जा. ताब्यात ठेवायला नोंदणी आणि पिल्लं काढायची असतील तर कलम ४९-एन प्रमाणे ब्रीडरचा वेगळा परवाना. ग्रेचं पिल्लू विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, परवाना क्रमांक काय. "तो लागत नाही हो" असं उत्तर आलं तर पाकीट बाहेर काढू नका.

कायदेकानू
नोंदणीचं सांगतो. नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचित झाले. आधीपासून प्राणी असणाऱ्यांना सहा महिने दिले होते, ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता नवा प्राणी आला की ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज. अर्ज परिवेश २.० या पोर्टलवर, ऑनलाइनच. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरच्या वनभवनात. पुढे प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवायचं. फुकट दिला तरी ते हस्तांतरणच. "मित्राला दिला, विकला नाही" ही पळवाट नाही.
अडतं कुठे? बहुतेक वेळा बिलावर. कॅश मेमोवर नुसतं "पॅरट २ नग" लिहिलेलं असतं. त्यावर शास्त्रीय नाव, रिंग किंवा चिप क्रमांक आणि विकणाऱ्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा. हे तीन नसले तर प्राणी कायदेशीर मार्गाने आला हे सिद्ध करायचं कशाने? आणि कलम ५७ लक्षात घ्या: ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा आहे असंच गृहीत धरतात. कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी पाळणाऱ्यावर.
ज्यांनी २०२० च्या स्वेच्छा घोषणा योजनेत प्राणी जाहीर केला होता त्यांनी ते प्रमाणपत्र जपावं, जुन्या ताब्याचा तो उत्तम पुरावा आहे. पण त्याने नवी नोंदणी झाली असं होत नाही.

मावळतीकर
रिंग क्रमांक म्हणताय, पण रिंग कोणीही कधीही घालू शकतो ना?

चोचीवाला
उघडी रिंग घालू शकतो, बंद रिंग नाही. सगळी गंमत तिथेच आहे.
बंद रिंग म्हणजे अखंड कडी, जोड नसलेली. ती पिल्लाच्या पायात ठरावीक दिवसांतच जाते. छोट्या पोपटांना साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी, मकावसारख्या मोठ्यांना दोन-तीन आठवड्यांचं असताना. तीन बोटं एकत्र धरून त्यांवरून कडी सरकवायची, चौथं छोटं बोट मागे पायालगत दाबून धरायचं, कडी वर गेली की ते बोट हलकेच ओढून मोकळं करायचं. दोन दिवस लवकर घातली तर गळून पडते, चार दिवस उशीर झाला तर जातच नाही. म्हणून मोठ्या पक्ष्याच्या पायात बंद रिंग दिसली की तो पिल्लू असताना माणसाच्या हाताखाली होता, एवढं कळतं.
बनवाबनवी अशी असते: मोठ्या मापाची कडी मोठ्या पक्ष्याला जबरदस्तीने चढवतात, किंवा कडी कापून पुन्हा चिकटवून घासतात. रिंग बोटाने गोल फिरवा आणि नखाने कड चाचपा. जोड असेल तर नख अडतं. अक्षरं एका ठिकाणी पुसट किंवा दबलेली असतील तर तिथेच काहीतरी केलेलं आहे. आणि पायावर खाली ओढली तर कडी बोटांच्या सांध्यापाशी अडायला हवी. घरंगळत निघून येत असेल तर माप चुकीचं.
चिप जास्त भरवशाची. छातीच्या डाव्या स्नायूत टोचतात, क्रमांक १५ अंकी. विकत घेताना रीडर समोर लावायला सांगा आणि आकडा बिलाशी ताडून बघा.

रानवारा
इतका वेळ वाचतोय. कागद नीट कसे करायचे यावरच सगळी चर्चा. मुळात ही नोंदणी म्हणजे कपडे धुण्याचं मशीन आहे. बँकॉकहून बॅगेत आलेलं पिल्लू आत टाकायचं, "इथेच पैदास झालं" असा कागद बाहेर. मुंबई विमानतळावर कस्टम्सच्या जप्त्यांच्या बातम्या सतत येतात: इग्वाना, साप, माकडं, बुटात, चॉकलेटच्या डब्यात. पकडलेल्यांचे फोटो येतात, सुटलेले कुठे जातात? मकावची जोडी वर्षाला दोन-तीन अंडी घालते. एका जोडीवर दहा पिल्लं दाखवणारा ब्रीडर असेल तर कोणी मोजायला जातं का?

चोचीवाला
मोजायला हवं, मान्य. पण अर्धं गणित चुकतंय. अंडी काढून घेऊन इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर मादी पुन्हा घालते. दोन-तीन वेळा घातली तर एका जोडीची पाच-सहा पिल्लं शक्य आहेत. दहा म्हटलं तर मात्र मीही भुवया उंचावीन. आणखी एक खूण: मकाव वयात यायला चार-सहा वर्षं लागतात. गेल्या वर्षी पिल्लं म्हणून घेतलेल्या जोडीची यंदा पिल्लं विकायला काढली, तर ती पिल्लं त्या जोडीची नाहीत.

रानवारा
याबद्दल धन्यवाद. माझा मुद्दा तुम्हीच पुरा केलात. :)

डॉ. खवले
कायद्याइतकंच महत्त्वाचं एक सांगतो, कारण कागद असलेला प्राणीही फ्लॅटमध्ये मरतो.
इग्वाना. दुकानात वीतभर हिरवा, दीडशे सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट. त्याला यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) लागतं, ते नसेल तर त्वचेत ड-जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. "खिडकीत ऊन येतं" हे उत्तर चालत नाही, खिडकीची काच यूव्हीबी अडवते. ट्यूब चालू दिसत असली तरी तिचं यूव्हीबी सहा ते बारा महिन्यांत ओसरतं, म्हणून तारीख लिहून बदलायची. उन्हाची जागा ३५ अंशांच्या आसपास, दमटपणा ७० टक्के. चुकलं की आधी बोटं थरथरतात, मग खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, मग मागचे पाय ओढत चालतो. जबडा मऊ लागला त्या दिवशी डॉक्टर गाठा, "बघू आठवडाभर" नको.
पोपटवर्गीयांचा सगळ्यात मोठा मारेकरी स्वयंपाकघरात असतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या वाफेने पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत जातो. माणसाला वासही येत नाही. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट विष. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या आफ्रिकन ग्रेला कॅल्शियम कमी पडून झटके येतात. लोकांना वाटतं फिट आली, लिंबू पिळतात.

तिरकस
पोपटाला कांदा हुंगवल्याचं ऐकलंय, लिंबू नवीन.

गारुडेश्वर
बॉल पायथनवाल्यांसाठी थोडं. परिशिष्ट दोन, नोंदणी सक्तीची. गरम बाजू ३१-३३ अंश, थंड बाजू २५-२७. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावलीत तर साप उठून जात नाही, पोट भाजेपर्यंत तिथेच पडून राहतो. जिवंत उंदीर देऊ नका. उंदीर सापाला चावतो, त्या जखमा पिकतात. गोठवलेला, नीट वितळवलेला द्या.
आणि व्यावहारिक: शेजाऱ्याला तो अजगरच दिसणार. देशी अजगर अनुसूची १ मध्ये. तक्रार झाली, वनरक्षक आले, तर दाखवायला नोंदणीची प्रत पेटीवरच चिकटवलेली बरी. लॅपटॉपमधली पीडीएफ शोधेपर्यंत पोत्यात भरलेला असतो.

अबोली
कासवांचं कोणी बोलत नाहीये. वास्तूसाठी म्हणून "लकी" कासव विकतात, पाठीवर चांदण्या असलेलं.

कायदेकानू
चांदण्या म्हणजे स्टार कासव. देशी, अनुसूची १, आणि २०१९ पासून साइट्सच्या परिशिष्ट एकमध्येही. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७, दंड किमान २५,००० रुपये. या धाग्यातल्या सगळ्यात महाग पडणाऱ्या प्राण्यांपैकी हे. इतर गुन्ह्यांत (राघू वगैरे) ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
आता तुलना बघा. त्याच राघूला उपाशी ठेवलं, पाय बांधून ठेवला, तर १९६० च्या क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

तिरकस
५० रुपयांत तर पार्किंगसुद्धा मिळत नाही.
अबोलीताई, वास्तूसाठी पितळी कासव घ्या. देवळातसुद्धा गाभाऱ्यासमोर दगडाचंच असतं, त्याला यूव्हीबी लागत नाही.

डॉ. खवले
दुसरं कासव म्हणजे कानाजवळ लाल पट्टा असलेलं, रेड-इअर्ड स्लायडर. नाण्याएवढं पिल्लू, प्लास्टिकच्या डबीत, मधे प्लास्टिकचं नारळाचं झाड. त्या झाडावर जाऊ नका. मादी २५-३० सेंटिमीटर होते. टब घाण व्हायला लागला की लोक जवळच्या तळ्यात सोडून येतात, पुण्यसुद्धा लागतं म्हणतात. हे अमेरिकेतलं कासव आहे. उन्हाची जागा, अन्न, सगळं देशी कासवांच्या तोंडचं काढून घेतं. २०२२ च्या दुरुस्तीत कलम ६२-अ याचसाठी आलं, आक्रमक परकी प्रजातींवर केंद्राला बंधनं घालता यावीत म्हणून. सोडू नका, एवढंच.

दुबईकर
इथे अमिरातीत २०१६ चा संघराज्य कायदा क्रमांक २२ आहे. चित्ते-सिंह गाडीत घेऊन फिरणाऱ्यांचे फोटो खूप फिरले होते, ते खासगीत ठेवायला बंदी झाली. दंड १०,००० ते ५,००,००० दिऱ्हाम.
भारतात परतणाऱ्यांना एक सूचना: सामानाबरोबर पाळीव प्राणी आणायची सवलत फक्त कुत्रा-मांजरांना, तीही दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला आणि जास्तीत जास्त दोन. घरातला आफ्रिकन ग्रे त्यात बसत नाही.

सॅन होजेकर
कॅलिफोर्नियात फेरेट, हेजहॉग, शुगर ग्लायडर, क्वेकर पोपट सगळे बंद. शेजारच्या नेवाडात फेरेट चालतो. भारतातच गोंधळ आहे असं समजू नका.

अबोली
मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ या का? राघूचं. आपल्याकडे पोपटाशी नातं नुसतं शौकाचं नाही. अंगणातला पिंजरा, हिरवी मिरची, पेरूची फोड, "विठ्ठल विठ्ठल" शिकवणं. ज्योतिषाच्या पोपटावर एका जमातीचं पोट होतं. हे सगळं एका फटक्यात गुन्हा ठरवलं, आणि हजारो रुपयांचा मकाव घेणारा मात्र पोर्टलवर अर्ज करून सुटला. कायदा गरिबाच्या पिंजऱ्यावर चालतो हे खोटं आहे का?

रानवारा
भावना कळते. पण तो राघू कुठून येतो ते बघा. त्याची पैदास पिंजऱ्यात करत नाहीत, आजवर गरजच पडली नाही. फेब्रुवारी ते एप्रिल विणीचा हंगाम. जुन्या आंब्या-पिंपळाच्या ढोलीत हात घालून पिसं न फुटलेली पिल्लं काढतात, हात पोचत नसेल तर ढोली कुऱ्हाडीने मोठी करतात, म्हणजे पुढल्या वर्षीचं घरटंही गेलं. बाजारात पोचेपर्यंत पिशवीत गुदमरून बरीच मरतात. खांद्यावर लाल डाग असलेला "पहाडी" पोपट जास्त महाग, म्हणून त्याच्या ढोल्या आधी. कायद्यात "शिकार" या शब्दात पकडणं आणि घरटं-अंडी उद्ध्वस्त करणं दोन्ही येतं, ते उगीच नाही. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९१ पासून बंद आहे. मकावच्या बाबतीत निदान "माणसाने पैदास केला" असं म्हणायला वाव आहे. राघूच्या बाबतीत तेवढाही नाही.

अबोली
ढोलीचं माहीत नव्हतं. पण मग त्याची पैदास करायला परवानगी द्या ना, कॉकाटेलसारखी. पिवळे राघू (लुटिनो) तर पिंजऱ्यात जन्मलेले असतात.

कायदेकानू
आज तरी मार्ग नाही, रंग पिवळा असला तरी जात तीच. परवानगी दिली की ढोलीतलं पिल्लू पिंजऱ्यातलं म्हणून खपवणं सोपं, ही भीती. रानवारा यांचं मशीनच.

मावळतीकर
परंपरा म्हणून सूट मागायची तर नांदणीच्या (जि. कोल्हापूर) जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचं उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला, आणि अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं. म्हणजे मठ, धर्म, शेकडो वर्षांचा इतिहास असूनही प्रश्न शेवटी हत्तिणीच्या पायांवर आणि नखांवर येऊन थांबला.

गारुडेश्वर
हत्तीचा धागा वेगळा काढा, हा बुडेल. शिराळ्याची नागपंचमीही वेगळी. तीनशे प्रतिसाद सहज.

पिंपळपान
आधीपासून घरात असलेल्या राघूचं काय करायचं? पिंजरा उघडून द्यायचा?

डॉ. खवले
अजिबात नको. छाटलेली पिसं नुसती वाढत नाहीत, जुनं पीस झडून नवं यावं लागतं, त्याला वर्षभर लागू शकतं. तोवर तो झाडावर टिकत नाही, कावळे-घारी टिपतात. शिवाय माणसाला घाबरत नाही, म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी पिंजऱ्यात. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आपणहून दिलेल्या पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

कायदेकानू
+१. आणि मकाव घेणाऱ्यांनी एक हिशेब घालावा. तो पन्नास वर्षं जगतो. चाळिशीत घेतला तर तो तुमच्या मागे राहणार. वारसाकडे जाईल तेव्हा तेही हस्तांतरण, तेही कळवायचं. मृत्युपत्रात फ्लॅटशेजारी एक ओळ रिंग क्रमांकासह त्याचीही असू द्या.

कडुनिंब
सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. शेवटचा एक प्रश्न, चोचीवाला यांना. लव्हबर्ड निळ्या रंगाचा असेल तर चोच लाल नसतेच, फिकटच दिसते. मग फिशर की पीच-फेस कसं ओळखायचं?

चोचीवाला
चांगलं पकडलंत. निळ्या रंगात चोचीवर जाऊ नका, डोळा बघा. पूर्ण पांढरं कडं असेल तर फिशर किंवा मास्क्ड, दोन्ही नोंदणीवाले. कडं नसेल तर पीच-फेस. आणि कडं अर्धवट, तुटक, एका बाजूला जाड असेल तर दोघांचा संकर. पूर्वजांपैकी एक जरी परिशिष्टातला असला तरी साइट्स मागच्या चार पिढ्यांपर्यंत त्याला धरते. तशा पक्ष्याचा अर्ज करून टाका, किंवा दुकानातच राहू द्या.

तिरकस
दुकानदार म्हणेल कडं नाही, काजळ आहे.